लालडोक्या नर आणि एक जोडी मोजे

बायू सेफिर या दलदलीतल्या संथ ओढ्याच्या काठावर सोस्तेन व्हेरेबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. एक, त्याला बदक मारता येतं. दोन, त्याच्या बायकोला, ओलीतला, त्याच्याहून बरं मारता येतं. दुसरी गोष्ट ओलीतनं स्वतः गावभर केली होती, त्यामुळे ती जरा जास्तच लोकांना ठाऊक होती.

पुरावा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर होता. एकतीस वर्षांपूर्वी ओलीतनं पाडलेली कॅनव्हासबॅक जातीची मादी, पेंढा भरून फळीवर बसवलेली. रंगानं मातकट, दिसायला साधी, मान डावीकडे वळलेली. पेंढा भरणाऱ्या अद्रासला ओलीतनंच बजावलं होतं, "मान डावीकडे वळव. तिकडून तिचा नवरा येणार आहे." आणि डावीकडे एक खिळाही ठोकून घेतला होता. नवरा आणायचं काम सोस्तेनचं. तो दर हिवाळ्यात जायचा, आणि दर हिवाळ्यात त्या जातीचे लालडोके नर एकतर फार लांबून निघून जायचे, नाहीतर छर्रे असे बसायचे की बदक गम्बोच्या, म्हणजे दाट रश्श्याच्या, पातेल्यातच जावं. ओलीत भात वाढताना भिंतीकडे बघून म्हणायची, "बाई गं, याच्या भरवशावर राहिलीस तर म्हातारी होशील."

म्हातारी झाली ती ओलीतच, आणि तीन वर्षांपूर्वी गेली. खिळा राहिला. तेव्हापासून सोस्तेन भिंतीकडे पाठ करून जेवतो.

आणि मग या जानेवारीत, एका शनिवारी सकाळी, लालडोक्या नर आपण होऊन त्याच्या होडीवरून गेला. इतक्या खालून, की सोस्तेनला वाटलं हा पत्ता विचारायला आलाय. एकच बार. पंखाखाली एक छर्रा, डोक्यामागे एक. बाकी अंगावर ओरखडा नाही. लाल डोकं, काळी छाती, आणि पाठ नुकत्या धुतलेल्या चादरीसारखी पांढरी. सोस्तेननं त्याला मानेला धरून उचललं नाही, कारण मानेची पिसं मोडली की पेंढा भरण्यात अर्थ नाही. दोन्ही हातांवर घेतलं. रक्त गार पाण्यानं टिपलं, चोचीत कापूस घातला, छर्ऱ्यांच्या भोकांत कापूस घातला. सगळं अगदी शास्त्राप्रमाणे केलं. मग मोटर सुरू करायला गेला आणि मोटर मेली.

तीन तास तो बांबू टेकत टेकत घरी आला. जानेवारी असला तरी ऊन मे महिन्याचं होतं. बदक फळीवर, त्यावर ओली टोपी. घरी पोचेपर्यंत पोटाकडची कातडी जराशी हिरवट दिसायला लागली होती. पिसं सुटायला पोटापासूनच सुरुवात होते. आज, अंधार पडायच्या आत, हे बदक बर्फाच्या पेटीत गेलं नाही तर पुढं बोलायलाच नको.

पेटी होती. मोजा नव्हता.

आता मोजा कशाला, तर ऐका. अद्रास दूर शहरात राहतो, सध्या लेकीकडे गेलाय, पंधरा दिवसांनी येणार. तोवर बदक गोठवायचं, आणि पिसं जिथल्या तिथं राहावीत म्हणून आधी ते बायकांच्या लांब नायलॉनच्या मोज्यात घालायचं. डोकं पंखाखाली, चोचीकडून आत. वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेलं बदक अद्रास हातात घेत नाही. "याचा गम्बो करा," म्हणतो आणि दार लावतो. पूर्वी हंगामात रविवारी बायका चर्चमध्ये उघड्या पायांनी आल्या की फादर ओळखायचे, या आठवड्यात पाखरं चांगली उतरलीत. कुणाचा मोजा कुणाच्या पेटीत सापडला यावरून दोन साखरपुडे मोडले आणि एक जमला. कुणाचे ते सांगत नाही, सगळ्यांचीच नातवंडं गावात आहेत.

सोस्तेननं घर उलथंपालथं केलं. ओलीतचे कपडे मेव्हणीनं केव्हाच चर्चला देऊन टाकले होते. कपाट झालं, पेटारा झाला, शिवणाचा डबा झाला. दारामागं खुंटीवर त्याचा काळा कोट होता, तेवढा त्यानं चाचपला नाही. त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. टोपी घातली आणि शेजारी मर्लीनकडे गेला.

"मर्लीन, लांब मोजा आहे का गं? बायकांचा, नायलॉनचा."

मर्लीननं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका, माप काय तिचं?"

"बदकासाठी पाहिजे, गाढवे."

"सगळे तसंच म्हणतात."

तिच्या अंगात जीन्स होती, आतल्या खोलीत तिची मुलगी होती तीही जीन्समध्ये. "शेवटचा मोजा मी लग्नात घातला होता, काका. आता कोण घालतं?" तरी बिचारीनं शोधलं, आणि मुलीच्या नाचाचे काळे जाड मोजे आणून दिले. सोस्तेननं बोटानं ताणून पाहिलं. सुती. यातून बदक बाहेर काढताना निम्मी पिसं आतच राहतील.

"नको. तुझ्या लेकीला नाचू दे."

"मंगळवारी शहरात जाणारे मी. आणू का?"

"मंगळवारी याचा वास तुला शहरात येईल," सोस्तेन म्हणाला.

मग आणखी चार दारं झाली. चारही ठिकाणी हसू झालं, एका ठिकाणी कॉफी. मोजा कुठंच नाही. शेवटी तो अझेमाच्या दुकानात गेला. अझेमा ओलीतची लहानपणची मैत्रीण. दुकानात जाळी, दिवे, खारवलेलं डुकराचं मांस आणि गावातल्या प्रत्येकाची सगळी माहिती मिळते.

"मोजे?" अझेमा म्हणाली. "सोस्तेन, अरे, ठेवणंच बंद केलं मी. शेवटची जोडी तुझ्याच बायकोनं नेली."

सोस्तेन काउंटरवरच्या माशांच्या गळांकडे बघत राहिला.

"चांगली होती. टाचेला शिवण असलेली. मी म्हटलं, काय गं, आजारपणात कुठं नाचायला निघालीस? तर म्हणाली, जाताना घालायचेत. जन्मभर चिखलात उघड्या पायांनी शिंपले काढले, वर काही उघड्या पायांनी जाणार नाही." अझेमानं चष्मा वर केला. "घातलेस ना तिला?"

"घातले."

"शोभले असतील."

"हो."

खरं असं होतं. दफनाच्या सकाळी त्यानं ती जोडी आठवणीनं घेतली, मयताचं बघणाऱ्या माणसाला द्यायची म्हणून कोटाच्या खिशात ठेवली. मग माणसं आली, कॉफी झाली, कुणी मिठी मारली, कुणी वाट विचारली. कबरीपाशी डोळे पुसायला त्यानं खिशात हात घातला आणि रुमालाऐवजी हाताला नायलॉन लागलं. तोवर पहिली माती पडली होती. त्यानं हात तसाच बाहेर काढला आणि बाहीनं डोळे पुसले. ही गोष्ट त्यानं कुणालाही सांगितली नाही. मला कशी कळली, ते विचारू नका.

घरी आला तेव्हा ऊन दारातून टेबलापर्यंत आलं होतं. बदक टेबलावर, मादी भिंतीवर, कोट दारामागं. त्यानं कोट खुंटीवरून काढला.

"म्हातारे," तो भिंतीकडे बघून म्हणाला, "नवरा तूच मागितला होतास."

खिशातली जोडी अजून घडीतच होती. त्यानं एक मोजा काढला, दुसरा टेबलाच्या कडेला ठेवला.

आता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, जी खरं म्हणजे एकतीस वर्षांपूर्वीच यायला हवी होती. या घरात बदक मोज्यात घालायचं काम ओलीत करायची. तो नुसतं धरायचा. ती आधी हाताला चरबी चोळायची, मोजा गोळा करून बोटांवर चढवायची, आतून चोच पकडायची आणि मोजा बदकावर असा ओढून घ्यायची की जणू बाळाला अंगडं घालतेय. सोस्तेनचे हात चाळीस वर्षं शिंपले काढण्यात गेलेले. तळव्यांना भेगा, बोटांना घट्टे. त्यानं चरबी लावली नाही, कारण त्याला आठवलंच नाही.

डोकं गेलं, छाती गेली. पंखापाशी त्याचं बोट अडकलं. एक धागा सुटला आणि बघता बघता मोजा पायापासून वरपर्यंत सर्रकन उसवत गेला. तो सावरायला गेला, तर दुसरं बोट अडकलं. मग त्यानं बदक मागं ओढलं. पिसांच्या उलट्या अंगानं. असं कधी करू नये, हे त्यानं स्वतः अर्ध्या गावाला शिकवलं होतं.

पोटाची पिसं मूठभर हातात आली. खाली कातडी होती, हिरवट आणि ओली.

तो खुर्चीत बसला. दुसरा मोजा समोर होता, अखंड. आता त्यात घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

थोड्या वेळानं त्यानं मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि बदक सोलायला घेतलं. पोटाचा भाग कापून टाकला, छातीचं मांस चांगलं होतं. मारलेलं फेकायचं नाही, ही ओलीतची शिस्त. पांढरी पिसं आधी, मग काळी. लाल डोकं त्यानं शेवटी तोडलं, आणि ते कुठं ठेवावं हे न कळून बशीत ठेवलं. कांदा, मिरची, काळपट होईपर्यंत परतलेलं पीठ. भात दोघांपुरता झाला. त्याला एकट्यापुरता करायला अजून येत नाही. गम्बोचा वास मर्लीनच्या घरापर्यंत गेला आणि तिनं खिडकीतून ओरडून विचारलं, "काय काका, तिला माप बसलं नाही वाटतं?"

सोस्तेननं ताट वाढून घेतलं. जेवला. भिंतीकडे पाठ करूनच.

उसवलेला मोजा त्यानं चुलीत घातला. दुसऱ्याची नीट घडी केली आणि कोटाच्या त्याच खिशात ठेवली. कोट त्याच्याकडं एकच आहे. त्यालाही त्याच कोटात नेतील, आणि खिसे कुणी तपासत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे मोजा पोचणार. तिथं ओलीत चिखलाचे पाय पुढं करून बसलेली असणार, हात लांब करणार, घडी उलगडून बघणार आणि म्हणणार, "एकच आणलास?"