स्वेटरातला बिल्ला

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्याकडे तशीच रीत आहे. बाकी आमचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. चहात साखर किती इथपासून देव कुठल्या कोनाड्यात इथपर्यंत, कशावरही आमचं एकमत झालेलं शेजाऱ्यांनी ऐकलेलं नाही. त्यामुळे त्या दिवशी लातूरच्या दुकानात मी त्यांच्या बाजूने भांडले, हे अजून कुणाला खरं वाटत नाही.

निमित्त माझ्या मुलीच्या लग्नाच्या बस्त्याचं. पूर्वी आमचा बस्ता उदगीरला, ठरलेल्या कापडवाल्याकडे व्हायचा. गादीवर बसायचं, चहा यायचा, आणि गावात कुणाला दिवस गेलेत, कुणाचं लग्न अडलंय, हे तोच आम्हाला सांगायचा. त्याला आमची सगळी अंडीपिल्ली ठाऊक होती, पण आम्हालाही त्याची होती. म्हणजे फिट्टंफाट. या वेळी मुलीने हट्ट धरला की लातूरच्या चार मजली दुकानातच जायचं. नांदेडहून व्याही मंडळीही थेट तिथेच येणार होती.

थंडीचे दिवस होते. आत्यांनी इरकल नेसून वर राखाडी स्वेटर घातला होता. तो मी आदल्या वर्षी याच दुकानाच्या नांदेडच्या शाखेतून आणला होता. आम्ही साड्या बघत बसलो होतो, तेवढ्यात विहीणबाई आल्याचा फोन आला. घरातलं मोठं माणूस म्हणून आत्या त्यांना घ्यायला दारापर्यंत गेल्या, मी मागे. त्यांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, आणि दाराच्या दोन्ही बाजूंचे पांढरे खांब टीं टीं करून बोंबलायला लागले. आत येतानाही ते वाजले असतील, पण येणाऱ्याला कोण अडवतं? अडवतात ते जाणाऱ्याला.

"आजी, थांबा," दारावरचा माणूस म्हणाला. त्याची नजर स्वेटराखालच्या फुगवट्यावर गेली. "गळ्यात काय हाय? काढून इथं ठिवा."

आम्ही लिंगायत, आत्यांच्या गळ्यात इष्टलिंग होतं. चांदीच्या डबीतलं, जन्मल्यावर गुरूंनी बांधलेलं. आमच्यात ते अंगावेगळं करत नाहीत. पूजेला तळहातावर घ्यायचं आणि पुन्हा गळ्यात. डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांशी हुज्जत घालून आत्यांनी ते मनगटाला बांधून घेतलं होतं, पण सोडलं नव्हतं.

"न्हाई निघत ते," आत्या म्हणाल्या. "जीव गेला तरी न्हाई."

"मंग काय लपिवलंय ते सांगा."

समोर पायरीवर विहीणबाई उभ्या होत्या, मागे त्यांची सगळी माणसं. नवरीची आजी चोर म्हणून दारात अडवलेली, हे त्यांना दुकानात आल्याआल्या घडलेलं आमचं दर्शन. आजी चोर ठरली तर नातीला घरात कोण घेतं? या धास्तीचा संताप व्हायला मात्र मला वेळ लागत नाही. मी त्या माणसाला असा काही आवाज चढवला की वरच्या मजल्यावरून व्यवस्थापक धावत खाली आला.

पोरगेलासा, टाय लावलेला, बोलायला गोड. त्याने हातातलं यंत्र आत्यांच्या अंगावरून लांबूनच फिरवलं. गळ्याशी ते गप्प राहिलं आणि स्वेटरच्या कमरेशी किंचाळलं. त्याने जवळच्या काउंटरवरच्या स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं आणि हसला. "सॉरी आजी, आमचीच चिप आहे, शिवणीत. नांदेडला बिल करताना बंद करायची राहिली." मग आपलं दुकान किती हुशार आहे हे दाखवायची त्याला हुक्की आली. "हे बघा, मॅडमच्या मोबाइल नंबरवर घेतलेला स्वेटर. याच नंबरवर दोन गाऊन, आणि एक्स्ट्रा लार्जमध्ये..."

"बस!" मी ओरडले. "माझं माप माझ्या विहिणीला सांगायला ठेवलंय का तुम्हाला?"

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू होतं, पण डोळ्यांत माझीच बाजू होती.

"म्हणजे हा स्वेटर घालून या तुमच्या कुठल्याही दुकानात शिरल्या तर तुम्हाला कळणार?" मी विचारलं.

"कळू शकतं, मॅडम. पण आम्ही तसं बघत नाही."

"बघत नाही. पण बघता येतं!"

आत्या इतका वेळ स्वेटरची कड चाचपत होत्या. आता त्यांनी मान वर केली.

"माझं माहेर देवणीचं," त्या म्हणाल्या. "आमच्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला हाय. नंबर बघितला की कुठली, कुणाची, समदं कळतंय. बरंच हाय ते. गाईला इचारता येत न्हाई, म्हनून न इचारता मारला. मला तर इचारता येतंय की रं! माझ्या गळ्यातलं माझं हाय, जगाला ठाव हाय, ते तुझा मानूस काढ म्हनतुया. आन् तुझं तू माझ्या अंगावर बांधलंस, ते मलाच ठाव न्हाई. मंग लपिवलं कुनी?"

मी फक्त "चोराच्या उलट्या बोंबा" एवढी भर घातली. सासूच्या बोलण्याला मी दुजोरा दिला, तो आयुष्यात पहिल्यांदाच.

"कातर आन," आत्या म्हणाल्या.

व्यवस्थापक चाचरला. "कापलं तर कपडा बदलून मिळत नाही, आजी."

यावर विहीणबाई पायरी चढून आत आल्या आणि आत्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. "बिल हाय न्हवं? बिलावर बदला. पुरा बस्ता इथं करायचा की उदगीरला जायाचं, तेवढं सांगा."

कातर आली. काउंटरवरची मुलगी वाकली आणि आत्यांच्या अंगातल्या स्वेटरच्या शिवणीतून तिने एक पांढरी पट्टी कापून काढली. आत बोटाच्या पेराएवढी चंदेरी जाळी. आत्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि व्यवस्थापकाच्या तळहातावर ठेवली. "तुझा बिल्ला. संभाळ."

मग बस्ता झाला, आणि काय झाला! प्रत्येक तयार कपड्याची शिवण आमच्यासमोर तपासली गेली, पट्टी निघाली, मगच पिशवीत. मागच्या रांगेतल्या बायका म्हणायला लागल्या, "आमचंबी काढा." निघताना दारावरचा माणूस खाली मान घालून, आईला हाक मारावी तसं म्हणाला, "चुकलं, अव्वा." आत्या म्हणाल्या, "तुला खांबानं सांगितलं, तू ऐकलंस." मग त्या खांबांमधून बाहेर गेल्या, परत आत आल्या, पुन्हा बाहेर गेल्या. खांब मुके. एवढ्या ताठ मानेने चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांचा केवढा अभिमान वाटला!

लग्न थाटात झालं. लेकीला पहिल्या दिवाळीला आणायच्या आधी आम्ही दोघी पुन्हा त्याच दुकानात गेलो. वाटेत बसच्या खिडकीवरून भांडलोही. काउंटरवर तीच मुलगी होती, आणि शेजारी दोरीने बांधलेली कातर. तिने जावयाचा सदरा हातात घेतला आणि थांबली.

"आजी, बिल्ला काढू का राहू द्यू?"

आत्यांचा हात पदराखाली गळ्याशी गेला. त्या माझ्याकडे वळल्या, डोळे भरलेले. "ऐकलंस का गं? इचारलं तिनं."

मग मुलीकडे बघून म्हणाल्या, "काढ की, बाय."