हळदीच्या दिवशी इंग्रजीचा पेपर

इंग्रजीत माझी दोनदा दांडी उडाली होती. बाकीचे विषय सुटले, हा एकच गळ्यात अडकलेला. लग्न होऊन कामोठ्याला आले तेव्हा गावाच्या कडेला नव्या कॉलनीचे रस्ते आखले जात होते आणि तिथल्या बालवाडीला बाई हव्या होत्या, दहावी पास. ती जागा मला हवीच होती. सासरे म्हणाले, "या मार्चला बस. नंतर नाय."

मग पनवेलला क्लास लावला. सर पुण्याकडचे, दिवसभर ऑफिसात आणि संध्याकाळी आमच्या डोक्यावर. बाकीचे काळ कसेबसे पचले, पण एक काही केल्या गळी उतरेना. भूतकाळात एक काम केव्हापासून चाललेलं असतं आणि मग दुसरी गोष्ट घडते. त्या आधीपासून चाललेल्या कामाला 'हॅड बीन' लावायचं आणि क्रियापदाला 'आयएनजी'. सरांचं ठरलेलं उदाहरण: साहेब आला तेव्हा कारकून तासभर टाइप करत होता. मला त्या कारकुनाचा रागच यायचा. आपण 'करत होता' म्हणून मोकळे होतो. या इंग्रजांना कुठल्याही गोष्टीत समाधान म्हणून नाही.

भाकऱ्या थापताना मी सासूबाईंपुढे तणतणले. त्या गावच्या धवलारीण. आमच्याकडे लग्नाचे विधी धवले गाऊन होतात आणि गाणारी ती धवलारीण. त्यांना इंग्रजीचं काही सोयरसुतक नव्हतं. म्हणाल्या, "त्या कारकुनाला सोड गो. माज्यावर कर एक." मी केलं: नवरी आली तेव्हा आई केव्हाच्या गात होत्या. 'हॅड बीन सिंगिंग' हे त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. त्यानंतर तो काळ मी विसरले नाही.

पण चुलत दिराची हळद नेमकी त्या पेपरच्या दिवशी आली. पहिली हळद घरच्या थोरल्या सुनेने लावायची, म्हणजे मी. सासरे म्हणाले, "पेपर ऱ्हाऊ दे आता." हळद कुटता कुटता मला रडू कोसळलं. सासूबाईंनी माझ्या हातातलं मुसळ काढून घेतलं. "तू जा. मी हाय ना."

पेपरात तो काळ आला होता. लिहिताना मला हसूच आलं. पण बाहेर पडले तर कामोठ्याकडे जायला काही मिळेना. शेवटी एका टेम्पोत भाजीच्या पाट्यांमध्ये बसून निघाले. हळदीची वेळ केव्हाच टळून गेली होती. दुसऱ्या कुणी लावली असेल, आता जन्मभर घरात ऐकून घ्यावं लागणार, आणि बालवाडीचं तर कुणी नावही काढू देणार नाही, हेच डोक्यात.

मांडवाच्या अलीकडेच आवाज आला. सासूबाई गात होत्या. धवला एकदा सुरू झाला की कुणी तोडायचा नाही आणि तो संपल्याशिवाय हळदीला हात लागत नाही, हा आमचा रिवाज. त्या एकेका गावच्या देवाला लग्नाचं बोलावणं करत होत्या. पाटावरचा नवरदेव पेंगत होता. चुलत सासरे मांडवभर येरझारा घालत होते, पण तोंड उघडायची सोय नव्हती. सासूबाईंनी मला पाहिलं आणि दोन ओळींत धवला आटोपला. घसा पार बसला होता. मी हळदीत हात बुडवला आणि पहिली हळद लावली.

जूनमध्ये निकाल लागला. पास. पहिला पेढा मी सासूबाईंना भरवला आणि इतके दिवस मनात राहिलेलं विचारलं, "आई, मला आणखी उशीर झाला असता तर?"

"मंग काय?" त्या पेढा चघळत म्हणाल्या. "आमी जासईपरयंतच पोचलेलो. उरणचे देव आजून बाकी होते."