हृदय कोणत्या बाजूला असतं

चौदाव्या वर्षी माझा घसा धरला, मग गुडघे सुजले, आणि शेवटी डॉक्टरांनी हृदयाच्या झडपेवर बोट ठेवलं. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी कमरेत इंजेक्शन आणि पळायला बंदी. पीटीच्या तासाला मी झाडाखाली बसून वर्गाची घड्याळं सांभाळायचो, कोपरापर्यंत चढवून. हळूहळू मुलं मला 'हार्टवाला' म्हणायला लागली. खरं सांगतो, मला ते आवडायचं. माझ्या नावाची वर्गात आणखी दोन मुलं होती. हार्टवाला मी एकटाच.

घरी आई जिन्यावर माझ्या मागे राहायची, पडलोच तर झेलायला. 'दम लागला का रे?' हे आमच्याकडे 'जेवलास का?'च्या आधी विचारलं जाई. त्यामुळे प्रेम म्हणजे हा प्रश्न, असं डोक्यात घट्ट बसलं. कॉलेजात मुलीची ओळख झाली की मी नावाआधी झडप सांगायचो. मुली हळव्या व्हायच्या. एकीनं तर वर्षभर माझी बॅग उचलली. मी मनात पत्रिकाही छापून घेतली होती. रक्षाबंधनाला तिनं राखी बांधली.

बायकोलाही पहिल्याच भेटीत सांगितलं. ती हळवी झाली नाही. माझी फाईल घेऊन डॉक्टरांकडे गेली, समजून आली आणि म्हणाली, "झडप थोडी गळते. इंजेक्शन चुकवायचं नाही. बाकी माणसासारखं जगायचं." लग्न झालं, आम्ही सुकापूरला चौथ्या मजल्यावर राहायला आलो, आणि 'दम लागला का?' हे तिनं कधी विचारलंच नाही. आई फोनवर विचारायची, ही शेजारी बसून मटार सोलायची. हिचा माझ्यावर जीव नाही, असं मला वाटू लागलं. हे मी कुणाला बोललो नाही. परीक्षा घ्यायची ठरवली.

एका रविवारी बाजारातून आलो तर लिफ्ट बंद. ती पिशव्या घेऊन पुढे, मागे मी, डाव्या हाताशी कलिंगड. दुसऱ्या मजल्यावर मी पायरीवर बसलो, छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. जिन्यावरून आमच्या तळमजल्यावरच्या आजी गच्चीकडे चालल्या होत्या. याच गावच्या, शेत विकून इथंच फ्लॅट घेतलेल्या.

"काय रं पोरा, दमलास?" त्या म्हणाल्या. "मी बग, सत्तरीची हाय," आणि वर निघून गेल्या.

वरून पिशवी आपटल्याचा आवाज आला. टोमॅटो पायऱ्या उतरत माझ्यापर्यंत आले, त्यांच्या मागून ती. चेहरा पांढराफटक. असा चेहरा मी माझ्या आईचाच पाहिला होता. मला आत कुठेतरी गारगार वाटलं, हे सांगायला लाज वाटते. तिनं माझी नाडी धरली. मग माझ्या हाताकडे पाहिलं.

"हृदय डावीकडे असतं," ती म्हणाली.

डाव्या हातात कलिंगड होतं. मी उजवा हात छातीवर ठेवला होता, आणि तोही उजव्या बाजूलाच. इतकी वर्षं हृदयरोगी म्हणून मिरवलो, आणि पत्ता चुकला.

ती ओरडली नाही. शेजारी बसली आणि एक एक टोमॅटो गोळा करून पिशवीत भरत राहिली. भरता भरता म्हणाली, "मी विचारत नाही, कारण विचारलं की तू चौदा वर्षांचा होतोस. तुझ्या आईशी फोनवर बोलताना आवाज ऐक स्वतःचा."

शेवटचा टोमॅटो मी तिच्या हातात दिला.

"आणि हे परत केलंस ना, तर खरं होईल तेव्हा मला कळणार नाही. मी वर दूध तापवत बसेन." तिचा आवाज तिथं जरा चिरकला.

विनोद सुचला होता, तो गिळला. हार्टवाला नसेन तर मी कोण, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. आणि ते शोधायला एका माणसाला जिन्यात घाबरवलं होतं.

आम्ही उठलो. कलिंगड माझ्याकडेच ठेवलं. तिसऱ्या मजल्यावर मात्र माझा श्वास फुलला. पुढे चढत राहावं, की सांगावं? सांगितलं तर ती मानेल का?

"थांब," मी म्हणालो. "आता खरंच दम लागलाय."

तिनं वळून माझ्याकडे नीट पाहिलं. मग पिशव्या खाली ठेवून कठड्याला टेकली.

"मलाही," ती म्हणाली.