बारा मेजर, बारा मायनर आणि आईचा तानपुरा

सॅक्सोफोन शिकायला मी लागलो पस्तिशीत, आणि सगळ्यात जास्त आनंद झाला आईला. लग्नाआधी ती गाणं शिकायची. फणसवाडीच्या दोन खोल्यांत ते सुटलं. मी रियाझाला बसलो की ती शेजाऱ्यांसाठी खिडक्या लावून घ्यायची, कपाटातला इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू करायची आणि डोळे मिटून बाजूला बसायची. तानपुऱ्याशिवाय रियाझ म्हणजे मिठाशिवाय वरण, असं ती म्हणायची. मलाही ते पटायचं.

माझे सर खोताच्या वाडीत राहतात. त्यांचा हट्ट एकच: आधी बारा मेजर आणि बारा मायनर स्केल, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या चोवीस सरगमी, मग गाणं. आठ महिने झाले तरी माझे सूर त्यांच्या कीबोर्डशी जुळेनात. एका रविवारी ते कडाडलेच.

“कीबोर्डशी तुझं काय वाकडंय रे? पुढच्या रविवारी जमलं नाय, तर बंद करू. तुझापण टाइम वाया, माझापण.”

आयुष्यात हौसेनं धरलेली ही एकच गोष्ट होती. निघताना त्यांनी विचारलं, “घरी कशाबरोबर वाजवतोस?”

“तानपुऱ्याबरोबर.”

त्यांनी कपाळावर हात मारला. “अरे, प्रत्येक स्केलचा सा वेगळा, आणि तुझा तानपुरा एकाच ‘सा’वर बसलेला!”

म्हणजे आठ महिने माझे ओठ प्रत्येक सूर नकळत त्या एका ‘सा’कडे ओढत होते. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. पण मारली कुणाला? घरी आलो, तर आई तानपुरा लावून वाट बघत होती.

“बंद कर ते! त्याच्यापायीच माझं वाटोळं झालंय.”

तिनं बटण दाबलं. “मला काय माहीत रे,” एवढंच म्हणाली.

आठवडाभर तानपुऱ्याशिवाय, ओठ सुजेपर्यंत वाजवलं. रविवारी शेवटच्या मायनरला श्वास पुरेना; पण चोवीसच्या चोवीस स्केल निघाल्या. सर म्हणाले, “आता कसा सुरात आलास!”

घरी आल्यावर आईनं हातावर साखर ठेवली. मी म्हटलं, “त्या दिवशी चुकलंच माझं. बस ना, ऐक.”

“वाजव तू. माझी उगाच अडचण,” म्हणत तिनं चपला घातल्या आणि देवळात गेली.

अजूनही मी सॅक्सोफोनची पेटी उघडली, की ती देवळात निघते.