बांधीतले बुडबुडे

आमची टीम मोडून बरीच वर्षं झाली. तरी गोंदिया स्टेशनसमोर चहाला दोघं-तिघं भेटलो की कोणीतरी म्हणतंच, "तो फॉर्म आठवते का बे?" झालं! चहा थंड होतो आणि डोकं गरम. लोक विचारतात, इतके किस्से तुम्ही जमवले कसे? आम्ही कुठे जमवले? साहेबांनी पुरवले!

काम असं होतं. तांदूळ पिकवताना हवेचं आणि पाण्याचं किती नुकसान होतं ते मोजायचं आणि त्यावरून गटागटाच्या तांदळाला लेबल द्यायचं. हिरवं, पिवळं नाहीतर लाल. मी इथलाच, फुलचूरचा, बीएस्सी करून घरी बसलेला, म्हणून फील्डवर मी. कॉम्प्युटरवर माझा जोडीदार पटले. आणि आमच्या डोक्यावर साहेब, पुण्याहून आलेले.

इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या एका गावात सयत्राबाईंचा बचत गट होता. अकरा बाया मिळून चिन्नोर तांदूळ लावायच्या. शिजला की तीन घरं पलीकडे वास जाणार! पण दरवर्षी तो राइस मिलमध्ये जायचा आणि दुसऱ्या तांदळाच्या ढिगात मिसळायचा. हिरवं लेबल मिळालं तर शहरातली दुकानं तो गटाच्या नावाच्या पिशवीत विकायला तयार होती. पिशवीवर कोणतं चित्र टाकायचं तेही बाईंनी ठरवून ठेवलं होतं.

"आमच्या नावानं आजवर काईच विकलं नाई, भाऊ," त्या म्हणाल्या होत्या. "एक डाव नाव तं दिसू द्या."

* * *

फॉर्ममध्ये प्रश्न होता, शेतावर जायला कोणतं वाहन वापरता? कार, जीप, मोटरसायकल, इतर.

"पायी जातो जी," सयत्राबाई म्हणाल्या.

पायीचा रकानाच नाही! मी 'इतर'वर खूण केली. पटलेचं सॉफ्टवेअर ते घेईना, वाहन लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडेना. साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "अरे, कशाला अडून बसता? मोटरसायकल टाका. सरासरीत निघून जातं."

सयत्राबाईंच्या नावावर मोटरसायकल चढली. तिचं पेट्रोल चढलं. पेट्रोलचा धूर चिन्नोरच्या हिशेबात चढला! मी चिडून ही गोष्ट बाईंच्या घरी सांगितली, तर त्यांचा नवरा शांतपणे बिडी विझवून म्हणाला, "गाडी देल्ली तं देल्ली, चाबी कुठी हाय?"

* * *

मग बैलांचं आलं. बैल रवंथ करतो, त्यातून वायू निघतो, तो मोजायचा. बरोबर आहे, निघतो. पण शेजारच्या मोठ्या शेतकऱ्याची नांगरणी ट्रॅक्टरने, तर त्याचा रकाना कोरा! मी विचारलं, असं कसं? साहेबांचं उत्तर आलं, "ट्रॅक्टर भाड्याचा आहे. फॉर्ममध्ये फक्त स्वतःच्या मालकीचं धरायचं."

म्हणजे दिवसभर डिझेल जाळणारा स्वच्छ आणि तणस खाणारे दोन बैल पापी! मला इतका संताप आला की मी फाइल आपटली. पटले म्हणाला, "अरे यार, सिस्टम ही ऐसा है."

सयत्राबाईंनी मात्र थोडा विचार केला. म्हणाल्या, "मंग आमचे बैल भाड्याचे लिहा ना जी. तसे बी ते माह्या भावाकडचे हायेत."

* * *

धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यात, पाणी साचून राहतं, त्याखालच्या चिखलातून मिथेन निघतो. तो पकडायला आम्ही काचेसारखी प्लास्टिकची पेटी रोपांवर उलटी ठेवायचो आणि सिरिंजने आतली हवा ओढून छोट्या बाटलीत भरायचो. पहिल्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अर्धं गाव!

"धानाले इंजेक्शन कायले देऊन राहिले जी?"

"बिमार दिसते!"

"बिमार धान नाई, हे पोट्टे दिसून राहिले!"

मी सगळ्यांना समजावलं. एक गोष्ट तर करूनच दाखवली. पेटीजवळच्या चिखलात पाय रोवला, तर बुडबुड, बुडबुड! हाच तो वायू. म्हणून पेटीपाशी कोणी बांधीत उतरायचं नाही, नाहीतर आपल्या पायाने निघालेला वायू धानाच्या नावावर लागतो.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर सयत्राबाईंनी जुन्या बैलबंडीच्या फळ्या धुऱ्यापासून पेटीपर्यंत टाकलेल्या! खाली विटा. फळीवर उकिडवं बसून मी महिनोन् महिने हवा ओढली, चिखलाला बोट लावलं नाही. त्या फळीवरून बाईंनी स्वतःच्या नातवालासुद्धा हाकलून लावलं होतं.

* * *

आता हे ऐका. चिन्नोर उभा असतानाच बाया त्याच बांधीत लाखोळी या कडधान्याचं बी फेकायच्या. धान कापला की लाखोळी वर. धुऱ्यावर तूर. तणस बैलांना. बांधीतल्या पाण्यात मासोळ्या, त्या घरात. एका तुकड्यातून इतकं निघतं! फॉर्ममध्ये रकाना किती? एक. तांदूळ.

म्हणजे सगळ्यांनी मिळून खाल्लं आणि दोष एकट्या तांदळाच्या माथी! मी साहेबांना लांबलचक ईमेल केला. साहेबांचं उत्तर एका ओळीचं: "लाखोळी म्हणजे काय?"

त्या दिवशी मी जेवलो नाही. खोटं कशाला सांगू, संध्याकाळी जेवलो, पण चव नव्हती.

* * *

मग साहेब स्वतः आले. एकदाच. नवेकोरे गमबूट, फोटोग्राफर सोबत. रिपोर्टच्या कव्हरसाठी फोटो हवा होता.

मी म्हटलं, "साहेब, फळीवरून चला."

फोटोग्राफर म्हणाला, "फळी फ्रेममध्ये घाण दिसते."

साहेबांनी फळी बाजूला करायला लावली आणि गुडघाभर चिखलात उतरले! एक पाऊल, दुसरं पाऊल, तोल गेला, पुन्हा पाऊल. पेटीच्या चारी बाजूंनी चिखल उकळत होता नुसता! सयत्राबाई धुऱ्यावरून ओरडल्या, "साहेब, तिकडं नोका जाऊ जी!" साहेबांनी त्यांच्याकडे बघून हात हलवला.

स्वतः सिरिंज धरली, स्वतः हवा ओढली, बाटली कॅमेऱ्यासमोर धरून हसले. मी वहीत त्या बाटलीपुढे लिहिलं, "बाद करावी."

बाद झाली नाही. उलट अख्ख्या हंगामात सगळ्यात मोठा आकडा त्याच बाटलीचा आला आणि चिन्नोरची सरासरी थेट लालमध्ये गेली. मी साहेबांना फोन केला, अक्षरशः ओरडलो. ते म्हणाले, "कव्हरवर तीच बाटली आहे. ती बाद कशी करणार?"

* * *

रिपोर्ट वाटायला गावात सभा ठेवली. विहाराच्या अंगणात सतरंजी, अकरा बाया धुतलेली लुगडी नेसून पुढे बसलेल्या. सयत्राबाईंनी पिशवीचं चित्र गुंडाळी करून आणलं होतं. ती गुंडाळी पाहून मला कुठे तोंड लपवू असं झालं.

साहेबांनी प्रत्येक गटाला एक रिपोर्ट आणि चिकटवायच्या लेबलांचा एक कागद दिला. चिन्नोरला लाल.

"वाईट वाटून घेऊ नका," साहेब म्हणाले. "एका दिवशी तुमच्या बांधीतून मिथेन फारच निघाला. विज्ञानापुढे आपण काय करणार?"

सांगायला लाज वाटते, मी गप्प बसलो. दोन महिन्यांचा करार उरला होता.

सयत्राबाई उठल्या. "कोणता दिवस जी?"

"हाच!" साहेबांनी कौतुकाने कव्हरवर बोट ठेवलं. "मी आलो होतो तो."

बाईंनी रिपोर्ट डोळ्यांजवळ धरला. फोटो इतका झकास आला होता की गमबुटांभोवतीचे बुडबुडे एक एक मोजून घ्यावेत. बाईंनी वेळ लावून पाहिलं. मग लेबलांच्या कागदावरून एक लाल लेबल नखाने सोडवलं, फोटोतल्या उजव्या बुटावर चिकटवलं. दुसरं सोडवलं, डाव्यावर. अंगठ्याने दाबून बसवलं आणि रिपोर्ट साहेबांच्या हातात दिला.

"घ्या जी. बराबर जागी लागलं का, तुमीच पाहून घ्या."