बर्फाशी जिद्द

अहवाजमध्ये माणसाला भाजून काढायला ऊन पुरेसं आहे. तरी आमचा गाड्यांचा मिस्त्री उस्ता गुदर्ज गिऱ्हाइकाला वरून हीटर लावून द्यायचा. माझं फलाफलचं दुकान त्याच्या गॅरेजच्या बरोबर समोर, मध्ये सहा पावलांची गल्ली. सव्वीस वर्षं एक डोळा कढईवर आणि एक त्याच्यावर ठेवून मी धंदा केला आहे. तेव्हा सांगतो ते ऐकीव नाही.

उस्ता फक्त रेडिएटर बघायचा. दुसऱ्या कामाला हात लावत नसे. इंजिन गार ठेवणाऱ्या त्या हिरव्या पाण्याला आमच्याकडे 'जिद्द-ए-यख' म्हणतात, म्हणजे बर्फाशी जिद्द धरणारं. आता अहवाजमध्ये बर्फ दिसतो तो सरबताच्या गाडीवर. म्हणून निम्मं गाव म्हणतं, बर्फच नाही तर जिद्द कसली, आणि नळाचं खारट पाणी ओतून मोकळं होतं. वर्षभरात रेडिएटर आतून गंजतो आणि गाडी रस्त्यात वाफा सोडत उभी राहते. मग उस्ता त्या नावालाच शिव्या घालायचा. "कुणी ठेवलं रे हे नाव? तेहरानच्या कुठल्यातरी गारठलेल्या माणसानं ठेवलं असणार. अरे, उकळीशी जिद्द, गंजाशी जिद्द असं काही म्हटलं असतं, तर माझ्या लोकांनी ओतलं तरी असतं."

काम मात्र देवपूजेसारखं करायचा. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय झाकणाला हात नाही. मग खालचं बूच काढून जुनं पाणी टबात. त्या टबावर लगेच फरशी ठेवायचा, कारण ते पाणी चवीला गोड असतं आणि गल्लीतली मांजरं पिऊन मरतात. मग नळी लावून आतून स्वच्छ धुवायचं, बूच लावायचं, नवं मिश्रण हळूहळू भरायचं. आणि मग ते हीटरचं प्रकरण.

भरताना नळ्यांत हवा अडकते. ती निघावी म्हणून इंजिन चालू ठेवून हीटरची कळ गरमकडे फिरवावी लागते. इथपर्यंत सगळेच करतात. पण उस्ता गिऱ्हाइकाला आत बसवायचा, स्वतः शेजारी बसायचा, काचा वर करायचा आणि पंखा पूर्ण सोडायचा. बाहेर सत्तेचाळीस, आत किती ते खुदाला माहीत. मी एकदा विचारलं, "उस्ता, हवा रेडिएटरमधून निघते. काचा कशाला लावतोस?"

"जासिब, रेडिएटरची वरून निघते," तो म्हणाला. "माणसाची निघायला काचा लावाव्या लागतात."

त्याचं म्हणणं असं, की त्या भट्टीत माणूस तीन मिनिटांच्या वर गोड बोलू शकत नाही. जे आत असतं ते बाहेर येतं. आणि खरंच यायचं. एक सरकारी साहेब आतून रडत बाहेर आला होता. दोघा भागीदारांची वीस वर्षांची भागीदारी आमच्या गल्लीत मोडली. मला काचेतून नुसती तोंडं हलताना दिसायची. नंतर विचारलं तर उस्ता म्हणायचा, "हवा होती, गेली." जीव जळायचा माझा.

उस्ताला एकच मुलगी, तहमिने. दवाखान्यात औषधं देते. तिची आई गेल्यापासून घरात दोघंच. दोन वर्षांपूर्वी तेलविहिरीवर कामाला एक अर्दबीलचा पोरगा आला, आयदिन नावाचा. डोकं दुखतं म्हणून दवाखान्यात गेला आणि पुढे त्याचं डोकं फार वेळा दुखायला लागलं. त्याचे आईवडील तिकडून बसनं येऊन रीतसर मागणी घालून गेले. उस्तानं चहा पाजला, गोड खिलवलं आणि "कळवतो" म्हणाला. त्याला तीन महिने झाले. अर्दबील म्हणजे देशाचं दुसरं टोक, बर्फाचा मुलूख. आयदिनचं काम संपलं होतं, शुक्रवारी तो घरी परत जाणार होता. आणि तहमिनेनं बापाला सांगून टाकलं होतं, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी जाणार नाही. पण नाही का, ते मला सांगावं लागेल."

हे मला कसं माहीत? तिनं ते बापाला माझ्या दुकानात उभं राहून सांगितलं. बापाला घरी ऐकू येत नाही, असं तिचं म्हणणं.

बुधवारी दुपारी आयदिन आपली पांढरी पेकान गाडी घेऊन आला. "सलाम उस्ता. लांब जायचंय. पाणी बदलून द्याल?"

"ठेव. गार होऊ दे," उस्ता म्हणाला, त्याच्याकडे न बघता.

तासाभरानं बूच निघालं. तपकिरी पाणी आलं. धुणं झालं. मग उस्तानं मिश्रण केलं आणि मी झारा खाली ठेवला, कारण त्यानं एक भाग हिरवं आणि तीन भाग पाणी घेतलं. आमच्या गावाला ते चालतं. अर्दबीलच्या पहिल्याच थंडीत ते गोठून इंजिन तडकलं असतं.

पोरगा हळूच म्हणाला, "उस्ता, तिकडे जरा..."

"गाडी आत्ता कुठे उभी आहे?"

"अहवाजमध्ये."

"मग झालं तर."

पोरगा बाजूला सरला. मला उस्ताचा राग आला, खोटं कशाला बोलू. नाही म्हणायचं तर तोंडानं म्हण. माणसाच्या इंजिनाशी कसलं वैर?

मग दोघं आत बसले. काचा वर गेल्या. मी कढईखालची आच बंद केली आणि फडकं घेऊन दुकानाबाहेरचं टेबल पुसायला लागलो. तेच टेबल. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नवल म्हणजे तो अर्दबीलचा पोरगा मजेत बसला होता. घाम गळत होता, पण हीटरपुढे हात धरून बसला होता, आपण शेकोटीला बसतो तसा. उस्ता एकदा काहीतरी बोलला. पोरानं पाच बोटं दाखवली, मग पायाकडे बोट केलं. मग उस्तानं तोंड दुसरीकडे वळवलं, नेमकं माझ्याकडे पाठ येईल असं.

उस्ता उतरला तेव्हा त्याचा सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. इंजिन बंद केलं, बॉनेट उघडं ठेवलं आणि माझ्याकडे येऊन बसला. मी फलाफल दिलं, खाल्लं नाही. पोरगा गाडीपाशी उभा. तासभर इंजिन गार होत राहिलं. मी दोनदा खाकरलो. तेवढ्यात उस्ता उठला, रेडिएटरला हात लावून बघितलं, खाली वाकला आणि बूच काढलं. नुकतं भरलेलं सगळं पाणी टबात. मला वाटलं, संपलं. आता कोरडी गाडी देऊन हाकलतोय पोराला.

"पारा किती उतरतो रे तुमच्याकडे?" उस्तानं खालूनच विचारलं.

"उणे पंचवीस. एखाद्या वर्षी तीस."

"घरासमोर छप्पर आहे गाडीला?"

"नाही, उस्ता."

"बांध. तिला सकाळी कामावर जायचं असेल." आणि त्यानं कपाटातून दुसरा डबा काढून फोडला. निम्मं हिरवं, निम्मं पाणी. या वेळी इंजिन चालू असताना आत कुणी बसलं नाही. दोघं रेडिएटरच्या तोंडाशी वाकून बुडबुडे बघत उभे राहिले. पोरानं जाताना उस्ताचा हात धरला, तो उस्तानं लगेच सोडवून घेतला आणि म्हणाला, "तेलकट आहे."

गाडी वळणाआड गेली आणि मी गल्ली ओलांडली. "आज नाही सांगितलंस तर माझ्या दुकानातला चहा बंद."

उस्ता आडव्या टाकलेल्या चाकावर बसला होता. "मी त्याला घाबरवायला बघत होतो, जासिब. म्हटलं, माझी पोरगी या उन्हातली आहे, तुझ्या बर्फात सुकून जाईल. तर तो म्हणतो, पाच जाड कांबळी आईनं आत्ताच काढून ठेवलीत. आणि म्हणतो, उस्ता, तुमच्या पायाचं माप काय? हिवाळ्यात यल्दाच्या सणाच्या रात्री तुम्ही आमच्याकडे असणार, तिकडे लोकरीचे बूट लागतात, आईनं दोनदा फोन करून विचारलंय."

"मग काय सांगितलंस?"

"काय सांगणार? मला माहीतच नाही. मी जन्मात चपलांशिवाय काही घातलेलं नाही."

मी दुकानातून पाव गुंडाळायचा कागद आणला आणि जमिनीवर पसरला. उस्तानं चपला काढल्या, पाय सदऱ्याला पुसले आणि कागदावर उभा राहिला. मी गुडघ्यावर बसून पेन्सिल फिरवायला लागलो. तो सारखा वाकून बघत होता, रेघ वाकडी जात होती.

"हलू नकोस," मी म्हणालो.

"नाही हलत," तो म्हणाला. "हिवाळाभर माझ्या गॅरेजकडे लक्ष ठेवशील ना?"