पायाखालची घंटा

आई गेल्यावर, २००४ साली, मी बाबांना अमेरिकेत, ईडन प्रेरीला माझ्या घरी घेऊन आले. निदान थंडीभर तरी राहतील म्हटलं, तर महिना होतो न होतो तोच त्यांनी मला परतीचं तिकीट बुधवारचं करायला लावलं. कारण एकच. "लेकीच्या घरी किती दिवस राहायचं गं?" मला ना भाऊ, ना बहीण. पुण्यात नुसता रिकामा फ्लॅट. मी भांडले, रडले, अबोला धरला. खाण तशी माती, पण खाण जास्तच टणक निघाली.

बुधवारच्या आधीच्या शनिवारी त्यांना एका रेल्वे म्युझियमच्या शेडमध्ये नेलं. बाबांची सगळी नोकरी डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून गेलेली. तिथे चार निवृत्त मंडळी हौसेनं एक जुनं शंटिंगचं इंजिन दुरुस्त करत होती, डिझेलच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं. त्याची पितळी घंटा होती, पण ती मुळात कुठे बसवलेली होती यावर वाद चालला होता. आपल्याकडच्या डिझेलला घंटा नसतेच. पण म्हणून बाबा गप्प बसतात होय?

"त्यांना सांग, टपावर. घंटा वरच असते."

मी सांगितलं. त्यांचा म्होरक्या बाबांच्याच वयाचा होता. त्यानं मान डोलावली, घंटा टपावर ठेवून पाहिली आणि मग टॉर्च घेऊन इंजिनाखाली शिरला. बाहेर आला तो हसतच. पुढच्या चाकांमागे, इंजिनाच्या कडेनं चालायच्या फळीच्या खाली, चार भोकांची पट्टी होती आणि हवेची बारीक नळी तिथवर आलेली होती. घंटा तिथेच होती म्हणे, हवेच्या दाबावर वाजणारी.

बाबा भडकले. "पायाखाली घंटा? वेड लागलंय का यांना?" दर खंडेनवमीला इंजिनाला हार घालून नारळ फोडणारा माणूस तो. हे वाक्य मी इंग्रजीत सांगितलं नाही, पण म्होरक्याला चेहऱ्यावरूनच कळलं असावं. त्यानं वाद घातला नाही. जमिनीवर पुठ्ठा अंथरला आणि टॉर्च बाबांच्या हातात दिला.

बाबा आत सरकले. मला फक्त त्यांचे नवे बूट दिसत होते.

"भोकं जुनी आहेत," आतून आवाज आला. "टपावर एकही नव्हतं." मग जरा वेळानं, "पाना मागून घे."

खाली बर्फ आणि चिखल भरतो, म्हणून काही इंजिनांवर घंटा वर नेली होती, असं म्होरक्यानं सांगितलं. "बघ! म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो," बाबा म्हणाले. बसवण्याआधी त्यांनी घंटा रुमालानं पुसली आणि नमस्कार केला. म्होरक्यानंही टोपी काढली. तीन बोल्ट बसले, चौथ्याचे आटे गेलेले होते.

परतताना गाडीत ते म्हणाले, "तेवढं तिकीट पुढं ढकल. काम अर्धवट टाकून जायचं असतं का?"

आनंदानं माझा हायवेवरचा एक एक्झिट चुकला. तरी विचारलंच, "आणि लेकीचं घर?"

"लेकीकडे कोण राहतंय? मी कामासाठी राहतोय."